दुधात काय उतरतं

तीर्थपुरीच्या साखराबाईंनी उभ्या जन्मात माणसांपेक्षा शेळ्यामेंढ्यांची बाळंतपणं जास्त केलेली. त्यामुळे सून गोपिका बाळंत झाली तेव्हा त्यांनी तिच्याकडेही त्याच नजरेनं पाहिलं. यात तुच्छता मुळीच नव्हती, उलट मोठा मान होता. शेळीचं त्या माणसापेक्षा जास्त मन लावून करत.

बाळंतपणानंतर गोपिकाची छाती अधूनमधून, मेंढरं बुजून उधळावीत तशी धावायला लागली. बिरूनं बायकोला जालन्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी छातीचा आलेख कागदावर काढला, ठोके ताब्यात ठेवणारी गोळी दिली आणि ती चुकवायची नाही, असं बजावलं. अंगावर पाजणारी बाई, पण दुधाचं काय, हे नवरा-बायकोनं विचारलं नाही आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही.

घरी मात्र साखराबाईंचा कायदा होता. शेळीला औषध पाजलं की करडू बाजूला बांधायचं, दुसऱ्या शेळीला लावायचं. शेळीनं लिंबाचा पाला खाल्ला तर दूध कडू होतं, मग गोळीचं काय होत असेल? चार महिन्यांची पोर वाटीतलं दूध थुंकून टाकायची, आणि तिला लावायला दुसरी आई आणायची कुठून? गोपिकानं आपल्या दुधाचा थेंब बोटावर घेऊन चाखून पाहिला. कडू नव्हता, पण तिचा जिभेवर भरवसा बसेना. ती गुपचूप गोळी गालात धरायची आणि चुलीच्या राखेत थुंकायची. सासूनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

आठवड्याभरात शेळ्यांपुढं पाला टाकताना गोपिकाच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. कडेवरची पोर पाल्याच्या भाऱ्यावर पडली म्हणून वाचली. गोपिका पडली ती दगडावर.

कपाळाला पट्टी बांधून ती पुन्हा जालन्याला गेली. या वेळी सासूही होती. राखेची हकीकत बिरूला तिथंच कळली. तो आईकडं नुसता बघत राहिला. ते बघणं साखराबाईंना शिवीपेक्षा जास्त लागलं. त्या थेट डॉक्टरीणबाईंकडंच वळल्या.

"शेळीला देल्लेलं करडाला लागतं बाई. मंग हिचं लेकराला कसं न्हाई लागत?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "प्रश्न बराबर आहे, मावशी. मीच आधी सांगायला पाहिजे होतं. काही औषधं लागतात. ही गोळी दुधात उतरते, पण फार थोडी. पाजायला हरकत नाही. गोळी सोडली तर आईच जाईल. पोर सुस्त पडली, प्यायला मागेना, तर मात्र लगेच घेऊन या."

बाकी सगळं विसरून सासू-सुनेनं 'सुस्त' हा शब्द तेवढा घरी आणला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोपिकानं सासूपुढं गोळी गिळली, तोंड उघडून दाखवलं आणि पोरीला पदराखाली घेतलं. पोर पोटभर प्याली आणि पोटभर प्यालेलं लेकरू जे करतं तेच तिनं केलं. झोपली.

दोघी तिच्या तोंडाकडं बघत बसल्या. ही झोप की सुस्ती? गोपिकाच्या छातीनं गोळीला न जुमानता पुन्हा धाव घेतली.

"थोडं चिमटून पाहू का?" साखराबाईंनी विचारलं.

गोपिकानं मान डोलावली. साखराबाईंनी इवल्या तळव्याला चिमटा घेतला. पोरीनं गल्ली डोक्यावर घेतली. साखराबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "रड माय, अजून रड."

गोपिकानं तिला उगी केलं नाही.