निरांजनासाठी बंद केलेला पंखा

"स्वच्छता शिकवून येत नाही. ती घरातूनच यावी लागते."

उल्हासनगरच्या कॉलेजात विभागप्रमुख माझ्या मुलीला, सुजाताला, सगळ्यांसमोर हे म्हणाले. तिच्या प्रयोगाच्या प्लेटा टेबलावर मांडल्या होत्या. प्रत्येकीवर काळी-हिरवी बुरशी. मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

"बाबा, घरी जरा लक्ष द्या," ते मला म्हणाले.

मी हात जोडले. "चुकलं पोरीचं, साहेब. सांभाळून घ्या."

पोरीचं चुकलं नव्हतं. मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं.

सुजाता यीस्टवर संशोधन करते. नुकतीच पीएचडी झाली, तात्पुरत्या जागेवर लागली. फुलांच्या मधात कुठली यीस्ट राहतात, हा तिचा विषय. कारवी सात वर्षांनी फुलते. यंदा फुलली. बदलापूरमागच्या डोंगरावर मी तिच्याबरोबर पिशव्या धरून चढायचो. बहर सरत आला होता. शेवटची फुलं घेऊन कॉलेजात पोचलो, तो दिवस खंडेनवमीचा.

सूक्ष्मदर्शकांना हळदकुंकू, झेंडूचे हार. सुजातानं फुलांचा मध प्लेटांवर पसरला आणि सुकायला त्या उघड्या ठेवल्या. काचेच्या कपाटात. तिथं पंख्यानं गाळलेली हवा वाहत असते, बाहेरचे जंतू आत येत नाहीत.

विभागप्रमुख सरांनी निरांजन त्याच कपाटात ठेवलं. वाऱ्यानं विझलं. पुन्हा लावलं. पुन्हा विझलं.

"सर, प्लेटा उघड्या आहेत," सुजाता म्हणाली.

"देवासाठी पाच मिनिटं दम निघत नाही?" मग माझ्याकडे वळले. "तुमच्यात पूजा करत नाहीत ना, बाबा? मग निदान तो पंखा तरी बंद करा."

कोणीतरी हसलं. मीही हसलो. आणि बटण दाबलं.

मग आत हार गेला, अक्षता पडल्या, धूप फिरला. उघड्या प्लेटांवरून.

अंबरनाथच्या एमआयडीसीत जन्म काढला मी. साहेब बोलला की हात चालायचा. का, हे विचारायची सवयच नव्हती. पोरगी नको म्हणत होती, तरी चालला.

बुरशीवरून बोलणी खाऊन कॉलेजातून बेलवलीला घरी येताना रिक्षात मी तिला विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंस?"

"तुम्हाला उभं करून बोलले असते. मला बघवलं नसतं."

"आणि यीस्ट?"

"असतील त्यात. पण फुलातली कुठली, हवेतली कुठली, कसं सांगू आता? कोण विश्वास ठेवेल?"

दुसऱ्या दिवशी एकटा गेलो. सगळा विभाग चहाला बसला होता. उभ्यानंच बोललो. "पंखा मी बंद केला. या सरांनी सांगितलं म्हणून. पोरगी अडवत होती."

"अहो बाबा, वय झालं तुमचं. घरी जा," सर म्हणाले.

"जातो. आधी परत ऐका." परत सांगितलं. मोठ्यानं. कोणी कप उचलला नाही.

आता निरोप येतायत. बापानं माफी मागावी, मुलीची जागा राहील. सुजाता म्हणते, "जागा गेली तर जाऊ दे."

माफी मी मागितली. सुजाताकडे. ती लगेच माफ करणार नाही म्हणाली, आणि बरोबर म्हणाली. त्या माणसाकडे मागणार नाही. त्यांनी कॉलेजात विचारावं, गावात विचारावं, कुठंही विचारावं. मी हेच सांगेन, आणि त्यांचं नाव घेऊन सांगेन.