मागितल्यास मिळेल

जनावरांच्या दवाखान्यात माणसं रडकुंडीला येतात ती तपासणीच्या खोलीत नव्हे, औषधांच्या काउंटरवर. आत कुत्रं इंजेक्शन घेऊन गप्प झालेलं असतं आणि बाहेर मालकाचा आवाज चढलेला असतो. त्या काउंटरमागे मावशी एकवीस वर्षं बसत होती. बसत होती असं आपलं म्हणायचं. तिचं स्टूल एका तांबड्या मांजराने बळकावलं होतं. कुणीतरी ते उपचाराला आणलं आणि परत न्यायला विसरलं, की मुद्दाम विसरलं, देव जाणे. मांजर स्टुलावर आणि मावशी उभी, असा कारभार होता. संध्याकाळी गुडघे तिला त्याचा जाब विचारत.

तिला सगळे मावशी म्हणत. डॉक्टर तिच्याहून चार वर्षांनी मोठे, तेही मावशीच म्हणत. काम ठरलेलं. आतून कागद आला की फळीवरचा डबा काढायचा, त्यावर गोल अक्षरात ‘रोज एक, खाण्यातून’ असं लिहून चिकटवायचं आणि मग किंमत सांगायची. हे शेवटचं काम जिवावर येणारं. डॉक्टर आत गोड बोलून मोकळे. आकडा तोंडातून काढायचा तो मावशीने.

“अहो, माझ्या आईच्या गोळ्यासुद्धा एवढ्याला येत नाहीत!” असं रोज कुणीतरी म्हणेच.

“आम्ही तरी काय करणार? भाव वरूनच येतो,” हे मावशीचं उत्तर. ते निम्मं खरं होतं, आणि निम्म्या खऱ्यावर माणूस एकवीस वर्षं सहज काढतो.

कुत्र्यांच्या रक्तदाबाची एक गोळी दवाखान्यात होती. तीच गोळी मावशीचा नवरा घ्यायचा. तो बसचालक होता, आता घरी असतो. डबा वेगळा, आत औषध तेच. फरक इतकाच की कुत्र्याच्या डब्याची किंमत चौपट. एकदा जेवताना मावशीने हे सांगितलं तेव्हा तो घास हातात धरून हसला. “म्हणजे तुला मी कुत्र्यापेक्षा स्वस्तात पडलो की!” पुढे महिनाभर तो येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगत होता. मावशीही हसली होती, पण फळीवरचा तो डबा काढताना तिला नंतर कधी हसू आलं नाही.

आता पाटीचं सांगायला हवं, कारण घोडं तिथेच अडलेलं होतं.

सात वर्षांपूर्वी सरकारी फर्मान निघालं आणि प्रत्येक दवाखान्यात एक पाटी लावावी लागली. ‘प्राण्यांची औषधे येथूनच घेणे बंधनकारक नाही. मागितल्यास डॉक्टरांची लेखी चिठ्ठी मिळेल. औषध अन्य दुकानातून घेता येईल.’ खाली तारीख. मावशीने स्वतः खिळा ठोकून ती काउंटरसमोरच्या भिंतीवर लावली. आठवड्याभराने डॉक्टरांनी कुत्र्यांच्या पट्ट्यांचा एक उंच स्टँड आणला आणि म्हणाले, “हा तिथे ठेवा.” लाल, निळे, घुंगरांचे पट्टे पाटीवर लोंबायला लागले आणि पाटी दिसेनाशी झाली.

“डॉक्टर, पाटी झाकली गेली,” मावशी म्हणाली होती.

“पाटी लावा म्हणालेत, लावली. वाचून दाखवा असं कुणी म्हटलेलं नाही.” मग जरा ओशाळून ते म्हणाले, “मावशी, तपासणीचे पैसे मी किती कमी घेतो ते तुम्हाला माहीत आहे. हा दवाखाना गोळ्यांवर चालतो. तुमचा पगारही.”

ते खोटं बोलत नव्हते. माणूस वाईट असता तर मावशीला बरं झालं असतं, शिव्या तरी घालता आल्या असत्या. गाढवाच्या खुरात खिळा गेला तरी दहा मैल धावणारा आणि गरीब माणसाकडून तपासणीचे पैसे घ्यायला विसरल्यासारखं करणारा डॉक्टर होता तो. फक्त गोळ्यांचं काही तो विसरत नसे. मावशीने डोळ्यांवर कातडं ओढलं आणि रोज सकाळी ती त्या पट्ट्यांवरची धूळ झटकत राहिली.

त्या दवाखान्यात मास्तर यायचे. शाळेचे नव्हेत, घोडेस्वारीचे. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या पोरांना घोड्यावर ताठ बसायला शिकवलं. मग ती स्वारीची शाळा बंद पडली, जागेवर गोदाम उभं राहिलं, तरणे घोडे विकले गेले. दोन म्हातारे कुणी घेईना, ते मास्तरांनी घेतले. गावाबाहेर एका पत्र्याच्या छपरात ते तिघं राहायचे. एक उंच तपकिरी घोडा, त्याचं नाव दादा. दुसरी करडी घोडी, ती आत्या. कुणी जवळ आलं की आधी नाक फेंदारायची, वरपासून खालपर्यंत बघायची आणि मगच हातातलं गाजर घ्यायची, म्हणून आत्या.

दादा चार वर्षांपूर्वी गेला. त्याला दमा होता. उरली आत्या, आणि गेल्या वर्षापासून तिलाही आजार जडला. भर उन्हाळ्यात तिच्या अंगावरचे हिवाळी केस झडेनात, पाणी बादल्याच्या बादल्या प्यायची, खूर दुखायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं, “हे बरं होत नाही, पण रोज एक गोळी दिली तर आटोक्यात राहतं. जन्मभर द्यावी लागेल. खुरांचं दुखणं वाढलं आणि तिला उभं राहता येईना, तर मग आपल्या हातात काही राहणार नाही.”

डब्यात तीस गोळ्या. मास्तर महिन्याला यायचे, घडी घातलेल्या नोटा काउंटरवर ठेवायचे, मांजराला “काय बाईसाहेब” म्हणायचे आणि जायचे. कधी कुरकुर नाही, कधी भावावर बोलणं नाही. मग एकदा ते यायचे त्या तारखेला आलेच नाहीत. आले ते आणखी महिन्याने.

“मास्तर, मधला डबा कुठून घेतलात?” मावशीने विचारलं.

“कुठून म्हणजे? हाच पुरला.”

“तीस गोळ्या साठ दिवस?”

मास्तरांनी मांजराच्या डोक्यावर हात फिरवला. “अर्धी अर्धी देतो. सुरीने कापतो. थोडा चुरा सांडतो, तो बोटाने गोळा करून गाजरात भरतो. तिला काय कळतंय.”

“आणि खूर?”

“सकाळी उठायला वेळ लावते,” मास्तर म्हणाले. “मीही लावतो.”

मावशीने डब्यावर ‘रोज एक’ असं लिहिलं आणि ते लिहिताना तिला स्वतःचीच लाज वाटली. बाजारातल्या मोठ्या औषधदुकानात हाच डबा, हेच चित्र, निम्म्याहूनही कमी किमतीला मिळायचा. ते तिला माहीत होतं. मास्तर दाराबाहेर जाईपर्यंत ती त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. ज्यांनी शेकडो पोरांना ताठ बसवलं त्यांची पाठ आता वाकली होती.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. तो या वेळी हसला नाही. “सांगून टाक ना त्यांना.”

“आणि डॉक्टरांना कळलं तर? या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार?”

“तसंही तिथे तुला उभंच ठेवलंय,” नवरा म्हणाला.

मावशीने एक वाट काढली. सांगायचं नाही, पण दिसू द्यायचं. पुढच्या खेपेची तारीख जवळ आली तसा तिने पट्ट्यांचा स्टँड ‘खाली झाडायचं आहे’ म्हणून कोपऱ्यात ढकलला. सात वर्षांनी पाटी उजेडात आली. मास्तर आले, नोटा काढल्या, मांजराला नमस्कार केला, पण पाटीकडे ढुंकूनही बघेनात.

“मास्तर, ती पाटी वाकडी झालीये. जरा सरळ करता का? माझा हात पुरत नाही.”

मास्तर लगेच वळले. दोन पावलं मागे सरकून त्यांनी एक डोळा मिटला, पाटीची उजवी बाजू तसूभर वर केली, पुन्हा मागे जाऊन पाहिलं. “आता ताठ आहे,” ते म्हणाले आणि परत काउंटरवर आले. त्यांनी पाटीचा कणा बघितला होता, अक्षर एकही वाचलं नव्हतं! मावशीला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला.

“अहो, वाचा तरी काय लिहिलंय ते!” ती एकदम म्हणाली, आणि तिचा आवाज इतका मोठा निघाला की मांजर उठून बसलं.

मास्तरांनी खिशातून चष्मा काढला. ओठ हलवत सगळं वाचलं. मग एका शब्दावर बोट ठेवून थांबले.

“मागितल्यास,” ते म्हणाले. “म्हणजे मागायचं?”

“मागायचं.”

“मी उभ्या जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही, मावशी.”

“भीक नाही ती, मास्तर. चिठ्ठी आहे. तुमचा हक्क आहे. आत जा आणि मागा.”

ते गेले. दार अर्धं उघडं होतं. घसा खाकरल्याचा आवाज आला, मग “चिठ्ठी हवी होती, साहेब, आत्याच्या गोळ्यांची.” मग खुर्ची सरकली आणि पेनाची टोपी निघाली. चिठ्ठी लिहून दिल्यावर डॉक्टरांनी दारातून एकदा बाहेर बघितलं, उघड्या भिंतीकडे, मग मावशीकडे, आणि मास्तरांच्या पाठोपाठ दार लावून घेतलं. त्याचं काय व्हायचं ते उद्या होईल, असं मावशीने मनाशी म्हटलं. तिला आता भीती वाटण्याइतकंही त्राण नव्हतं.

मास्तर चिठ्ठी दोन्ही हातांनी धरून काउंटरपाशी आले. “मोठ्या दुकानात कितीला पडेल?” मावशीने सांगितलं. “म्हणजे पूर्ण गोळी देता येईल की रोज!” त्यांचा चेहरा पोरासारखा उजळला. चिठ्ठी खिशात ठेवता ठेवता ते पुन्हा पाटीपाशी थांबले आणि वाकून सगळ्यात खालची ओळ वाचायला लागले. ती तारीख होती.

“ही पाटी कधीची?”

“सात वर्षं झाली.”

मास्तर बोटांवर मोजत राहिले. चारवर थांबले. “दादाच्या वेळी होती?”

मावशीला खोटं बोलता आलं असतं. “होती. पट्ट्यांच्या मागे.”

दम्याची औषधं परवडेनात तेव्हा मास्तरांनी दादाला इथेच आणलं होतं, मागच्या अंगणात. शेवटच्या इंजेक्शनची पावती मावशीनेच फाडली होती. आता मास्तरांनी चष्मा काढून तो सदऱ्याला पुसला.

“नाहीतरी मी मागितलं नसतं हो,” ते म्हणाले. “स्वभावच नाही माझा. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

त्यांनी ते इतक्या मायेने म्हटलं की मावशीला पुढचं बोलणं कठीण गेलं. कारण तिला तो दिवस लख्ख आठवत होता. दादाला अंगणात न्यायच्या आधी मास्तर याच काउंटरवर आले होते आणि त्यांनी तिला विचारलं होतं, याहून स्वस्तात कुठे मिळणार नाही का, मावशी? एकदा नाही, तीनदा. आणि तिन्ही वेळा तिने सांगितलं होतं, भाव वरूनच येतो.

“तुम्ही विचारलं होतंत, मास्तर,” ती म्हणाली. “मला. तीन वेळा.”

मास्तरांनी चष्मा खिशात ठेवला.

“हो,” ते म्हणाले. “माहीत आहे मला.”

मग मांजर बाहेर जाऊ नये म्हणून ते नेहमी लावायचे तसं दार हलकेच ओढून घेऊन ते बाजाराच्या दिशेने गेले.