नसलेल्या पुस्तकाचं कार्ड

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी मिलिंदच्या बायकोचा, सुजाताचा फोन आला. "ताई, मिलिंद गेले..." हार्ट अटॅक. मी कोथरूडच्या घरात चहाचा कप हातात घेऊन उभी होते. खरं सांगते, मनात आलेला पहिला विचार दुःखाचा नव्हता. आता ती गोष्ट माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, हा होता. रडू नंतर आलं.

विद्यापीठात मिलिंद आणि मी इतिहासाच्या एम.ए.ला एकत्र होतो. वर्गातली निम्मी मुलं कॉम्प्युटरच्या क्लासला पळायची, तेव्हा आम्ही दोघं जॉर्डनच्या मागे लागलो होतो. शोधनिबंधासाठी मी राजे आणि दरबार घेतला होता, त्यानं पॅलेस्टिनी निर्वासितांना तिथं मिळालेलं नागरिकत्व. मी सायबर कॅफेतून छापलेल्या कागदांचे गठ्ठे आणायचे. तो येरवड्याहून सायकलवर यायचा, ग्रंथालयात ठाण मांडायचा आणि प्रत्येक संदर्भ कार्डावर लिहून बिस्किटांच्या निळ्या डब्यात ठेवायचा. पाणी प्यायला उठला तरी डबा काखेत. माझा अस्सा संताप व्हायचा. मी काय चोर आहे? उलट मलाच वाटायचं, हा माझं काहीतरी त्यात दडवतोय.

एकदा डबा टेबलावरच राहिला आणि मी तो उघडला. एका कार्डावर कुणा इंग्रज अधिकाऱ्याच्या आठवणींचं पुस्तक, पान क्रमांकासकट, आणि नागरिकत्वावरून दरबारात झालेल्या वादाचं झकास वर्णन. मी ते उतरवून घेतलं. निबंधात तळटीपही ठोकून दिली, जणू ते पुस्तक माझ्या उशाशीच असायचं.

आमच्या दोघांपैकी एकाचीच संशोधनाच्या शिष्यवृत्तीसाठी शिफारस व्हायची होती. वर्गात माझं निबंधवाचन संपल्यावर आमच्या मार्गदर्शक मॅडमनी चष्मा काढून विचारलं, हे पुस्तक आपण कुठे पाहिलंत? मी हातातले कागद चाळू लागले. तेवढ्यात मागच्या बाकावरून मिलिंद उठला.

"मॅडम, चूक माझी. ते कार्ड मी दिलं होतं तिला. नाव मीच चुकीचं टिपलं असणार."

तो निष्काळजी ठरला आणि शिफारस माझी झाली. मी गप्प बसले. बाहेर चहा पिताना विचारलं, असं पुस्तक आहे तरी का?

"नाही. तू डबा उघडतेस का, ते बघायचं होतं."

मग वाचवलंस कशाला, यावर त्यानं फक्त चहा संपवला.

मी प्राध्यापक झाले. तो हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरची माहितीपत्रकं लिहू लागला. दर दिवाळीला त्याचा फोन यायचा आणि दर वेळी मला वाटायचं, आता हा काहीतरी मागणार. त्यानं कधीच काही मागितलं नाही, त्यामुळे माझा संशय आणखी वाढला. माझ्या कॉलेजात त्याला मी एकदाही बोलावलं नाही. याची आज लाज वाटते.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला, बुद्धवंदना झाल्यावर, सुजातानं निळा डबा माझ्या हातात ठेवला. तुम्हालाच द्यायचा म्हणाले होते, म्हणाली. घरी येऊन मी तो टेबलावर पालथा केला आणि आधी पुरावा शोधला. ते कार्ड नव्हतं. बाकी सगळी होती... आणि त्यांच्यामागे नवी, गेल्या महिन्यापर्यंतची. नोकरी सांभाळून तो आपला निबंध पुरा करत होता.

डबा आता माझ्या टेबलावर असतो. त्यानं ते कार्ड फाडून टाकलं असेल, यावर माझा अजून पुरता विश्वास बसत नाही. परवा पाणी प्यायला उठले. स्वयंपाकघरात गेल्यावर लक्षात आलं, डबा माझ्या काखेत होता.