सात कमानींचं स्थळ

आमच्या घरात आधी घोडे राहायचे, आता आम्ही राहतो. (शेजाऱ्यांच्या मते यात फारसा बदल झालेला नाही.) कोल्हापुरातल्या जुन्या भागात एकमेकींना चिकटून उभ्या असलेल्या सात दगडी कमानी, ही संस्थानाची पागा. पुढे तिथं धान्याचं कोठार झालं, मग शाळा भरली, मग पिठाची गिरणी आली आणि शेवटच्या दोन कमानींत आजोबांनी संसार थाटला. ही ओळ रस्तारुंदीत जाऊ नये म्हणून तिला ‘वारसा स्थळ’ करा, असा अर्ज मी ठोकला होता. समितीचे लोक कधीही बघायला येतील, असं कळलं होतं.

त्याच दिवसांत माझ्या पुतणीचं, प्राजक्ताचं, लग्नाचं चाललं होतं. ऑफिसातला कागलचा मुलगा तिनं स्वतःच पसंत केला होता. दादा-वहिनी कसेबसे राजी झाले होते, आता सगळं मुलाच्या वडिलांवर होतं. ते नाही म्हणाले तर संपलंच. काळजीनं पोर धड जेवत नव्हती, तिचं तोंड बघवत नव्हतं. ते लोक पुढच्या रविवारी यायचे होते.

या रविवारी दुपारी दादाचा बाजारातून फोन आला.

“आरं, पावणं आजच स्थळ बघाय येत्यात. मी येस्तोवर बोलत बस त्यांच्यासंगं.”

माझ्या डोक्यात तेव्हा स्थळ म्हणजे एकच! वहिनींनी पोह्यांची कढई चढवलेली बघून, समितीसाठी किती करतात, म्हणून मला त्यांचं कौतुकच वाटलं.

थोड्या वेळानं टोपीवाले एक गृहस्थ आणि त्यांची मंडळी दारात आली. स्थळ बघायला आलोय म्हणाले. मुलगा गाडी लावायला जागा शोधतोय, असंही म्हणाले. (मी समजलो, ड्रायव्हर.) त्यांना बसूही न देता मी ओसरीवरच धरलं.

“काय इचारायचं ते इचारा, पावणं. मी काय लपवणार न्हाय.”

गृहस्थ घुटमळले. मग त्यांनी हळूच वय विचारलं.

“कागदावर दिसतंय त्यापेक्षा लई जास्त हाय,” मी म्हणालो. (दप्तरी दुरुस्तीचं साल लागलंय.)

“आणि शिक्षण?”

“चौथीपत्तोर झालं. मग बंद पडलं.”

बाई नवऱ्याच्या कानाला लागल्या. ‘एमकॉम’ एवढंच मला ऐकू आलं. मी आणखी रंगात आलो. बाहेरून रंग दिलाय म्हणून बरी दिसते, पावसाळ्यात फार त्रास देते, मागून टेकू दिलाय, सगळं सांगितलं. आजवर बरेच जण बघून गेले, पण नोंदणीचं काढलं की पुन्हा कुणी फिरकत नाही, हेही सांगितलं.

“तुम्ही तरी पदरात घ्या हिला. न्हायतर रस्त्यात जाईल बिचारी.”

गृहस्थांनी टोपी काढून कपाळ पुसलं. तेवढ्यात आतून चहाचा ट्रे घेऊन प्राजक्ता आली आणि गाडी लावून मुलगा पायरीवर आला. दोघं एकमेकांकडे बघून ओळखीचं हसली, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला.

“काका, काय सांगितलं तुम्ही ह्यांना?” पाहुण्यांचे चेहरे बघून प्राजक्तानं विचारलं.

मला रडूच यायचं बाकी होतं. ज्या पोरीला अंगाखांद्यावर खेळवलं, तिचंच मी वाटोळं केलं होतं. हात जोडून म्हणालो, “पावणं, मी बिल्डिंगचं बोलत हुतो.”

गृहस्थांनी कमानीकडे पाहिलं, मग प्राजक्ताकडे.

“म्हंजे टेकू भिताडाला हाय?”

“व्हय.”

आधी बाईंना हसू फुटलं, मग त्यांनाही आवरेना. डोळे पुसत ते म्हणाले, “घराचंबी एवढं खरं सांगणारी माणसं पोरीचं काय लपवणार? आमची पसंती हाय.” दादा पेढे घेऊन आला तेव्हा सगळं ठरून पोहे संपत आले होते.

पुढच्या रविवारी फाईल घेऊन दोघं आले. स्थळ बघायला आलोय म्हणाले. मी आता शहाणा झालो होतो. त्यांना बसवलं, पोहे दिले. त्यातल्या बाईंनी फाईल उघडून वय विचारलं.

“सव्वीस,” मी सांगून टाकलं. “एमकॉम हाय. पर तिचं जमलं, तुम्ही उशीर केलासा.”

त्यांनी फाईल मिटली ती मिटलीच. प्राजक्ता सुखात आहे, कमानींचं मात्र अजून जमत नाही. आता कुणी बघायला येणार असलं, की घरचे आधी मला मागच्या कमानीत नेऊन बसवतात. पूर्वी तिथं घोडे बांधायचे.