आधी शिरोरेषा आली

पत्रकाला खळ लावून ते भिंतीवर चिकटवलं की येणारा-जाणारा वाचतो, एवढंच लहानपणापासून मला माहीत. नव्वदीच्या अखेरीला ठाण्याजवळ बाळकुमच्या खाडीत भराव पडू लागला आणि त्याविरुद्ध आम्ही वेबपेज काढायचं ठरवलं, तेव्हा वेबपेज म्हणजेही जगासमोरची एक भिंतच, अशी माझी समजूत.

कोळीवाड्यातल्या काकांचा होडीसकट फोटो त्या पानावर हवा होता. त्यांच्याशिवाय कोळीवाडा हलला नसता, आणि कोळीवाड्याशिवाय आमचं पान म्हणजे नुसती शहरी पोरांची ओरड. काकांनी अट घातली, "मना वाचता आला तरच फोटो. इंग्रजी कागदाला एकदा मान डोलावली, आता नाय."

डोंबिवलीत डीटीपी करणाऱ्या मैत्रिणीने पान बनवलं. तिच्याकडे मराठी झकास दिसत होतं. ठाण्याच्या सायबर कॅफेत काकांसमोर उघडलं, तर मजकुराच्या जागी कंस, टक्क्याची चिन्हं आणि डोक्यावर टिंबं असलेली रोमन अक्षरं.

"कुठची भाषा रं ही?" काका म्हणाले आणि उठलेच.

मी समोरच्या पीसीओवरून मैत्रिणीला फोन लावला.

"तिथे आपला फाँट नसेल," ती म्हणाली. "फाँट म्हणजे अक्षरांचं वळण. पानाबरोबर नुसत्या खुणा जातात. वळण ज्याच्या त्याच्या कम्प्युटरमध्ये असावं लागतं."

"म्हणजे वाचणाऱ्याने शाई घरून आणायची? हे कसलं पत्रक!"

"माझ्यावर काय भडकतोस? तूच ब्रशने लिही. मी स्कॅन करून चित्र म्हणून टाकते."

मी लिहिलं. तिने स्कॅन केलेलं अक्षर पडद्यावर मोठं करत नेलं, तसा माझा 'ख' काळ्या-पांढऱ्या चौकोनांत फुटला. "हे पिक्सेल. चित्र यांचंच बनतं."

"आणि माझा ख?"

"तो तुला दिसतो. कम्प्युटरच्या लेखी तिथे एकही अक्षर नाही."

ज्या पानावर अक्षरं होती ते कुणाला वाचता येत नव्हतं. आणि जे वाचता येणार होतं, त्यावर म्हणे अक्षरंच नव्हती. यात खोटं कोणतं, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

काकांना पुन्हा कॅफेत आणायला दोनदा विनवावं लागलं. चित्र वरून खाली, रांगत येऊ लागलं. आधी आली नुसती एक काळी पट्टी.

"भरावच घातला की रं इथं पण," काका म्हणाले.

"शिरोरेषा आहे काका. थांबा जरा."

पट्टीखाली काने उतरले, गाठी भरल्या, उकार लोंबले. कॅफेवाला घड्याळाकडे बघत होता. काका पडद्याला नाक लावून मोठ्याने वाचायला लागले, "खाडी... आमची... हाय."

मी 'आहे' लिहिलं होतं.

"उद्या ओहोटीला या फोटो काढाला," ते उठत म्हणाले. "भरतीत भराव झाकून जातो."