शेकडा दहा

आक्का, आम्ही गाव सोडलं त्या सकाळी आण्णा बैलगाडीच्या मागं ओढ्यापर्यंत चालत आले. गाडीतले सामानाचे डाग दोनदा मोजले, सात भरले, आणि म्हणाले, "मोजत जा. मोजणाऱ्याचं काही हरवत नाही." तू कुसुमच्या मुठीत गुळाचा खडा ठेवलास. ती तेव्हा चार वर्षांची होती. पुढं जे झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुझ्या भावजयीलासुद्धा. तुला सांगतो, आणि आपल्याकडून इकडं पोटासाठी आलेल्या सगळ्यांनाही.

अंबरनाथला मला कपबश्यांच्या कारखान्यात तपासनिसाचं काम मिळालं. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप लाकडी काडीनं वाजवायचा. खणखणीत वाजला तर पास, बद्द वाजला तर त्याला तडा, रिजेक्ट. शेकडा दहा रिजेक्ट धरून चालायचे. शेकडा हा शब्द मला नवा नव्हता. आपल्याकडं कडब्याच्या पेंढ्या शेकड्यानं विकतात. शंभर म्हणजे शंभर, मोजून रचलेल्या. एक कमी पडली तर गिऱ्हाईक उभं राहतं आणि आपण भरून देतो. शेकडा म्हणजे भरून द्यायची गोष्ट, एवढंच मला ठाऊक होतं. चूक तिथंच होती.

दुसऱ्या वर्षी कुसुमला मुदतीचा ताप आला. ही बाळंतीण, म्हणून इस्पितळात मीच. कल्याण कॅम्पात, म्हणजे आताच्या उल्हासनगरात, लष्कराच्या जुन्या बराकीत ते इस्पितळ होतं. तापाच्या मुलांच्या दहा खाटा. डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, वाचेल ना? त्या सरळ बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "शंभरात दहा जातात. नव्वद घरी जातात. तुम्ही नव्वदांकडं बघा."

मी दहांकडं बघितलं. शंभरात दहा, म्हणजे दहांत एक. खाटा दहा.

त्या दिवसापासून मी खाटा मोजू लागलो. एक मूल बरं होऊन घरी गेलं की त्याची आई आम्हाला हात जोडायची, बराकीत सगळ्यांना बरं वाटायचं आणि मी उरलेल्या खाटा मोजायचो, जाणारं एक आता यांतलंच. आठ मुलं अशी हसत घरी गेली. रिकाम्या खाटांवर नवी मुलं आली, पण ती माझ्या हिशोबात नव्हती. माझ्या दहांतली दोनच उरली. आमची कुसुम, आणि शेजारच्या खाटेवरचा लछू, सात वर्षांचा.

लछूची आई ईश्वरीबाई सिंधमधून आलेली, नवरा वाटेतच गेलेला. मला ती अदा म्हणायची, त्यांच्यात भावाला तसं म्हणतात. मी कामावर निघालो की ती कुसुमच्या कपाळावरची पट्टी बदलायची. म्हणायची, "अदा, तुम ड्यूटी जाओ. दो बच्चे मेरे पास हैं, बस." मी तिच्याकडं न बघता निघायचो. कारण मनात रोज एकच यायचं. दोघांतला एक जाणार आहे, तर तो लछू असू दे.

आक्का, असं मी एकदा नाही, सतरा दिवस मागितलं.

कारखान्यात माझ्या शेजारी दगडूमामा बसायचे, रत्नागिरीकडचे, जन्मभर कप वाजवलेले. मी एकच कप दोनदा वाजवतो हे त्यांनी पाहिलं आणि कारण विचारलं. लछूचं सोडून मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, आज कप वाजले तसे क्रमानं पाटीवर खडूनं मांड. मी मांडले. पहिले चौतीस कप ओळीनं खणखणीत. मग पाचात तीन बद्द. मग पुन्हा एकवीस चांगले.

"बघितलंस? हा तुमच्या देशावरच्या कडब्याचा शेकडा नाय रे बाबा, भरून द्यायला," मामा म्हणाले. "या कपाला काय ठाऊक, आधीचे नऊ कसे निघाले ते?"

मी काडी खाली ठेवली. आठ मुलं वाचली म्हणून कुसुमच्या वाट्याला काही आलेलं नव्हतं. आणि लछू गेला तरी तिला काही मिळणार नव्हतं. जे मी मागत होतो ते पाप होतंच, निरुपयोगीही होतं. पण भीती कमी झाली नाही. आजवर एक तरी वाचेल असं धरलं होतं. आता दोघंही जाऊ शकत होती.

पाळी संपताच इस्पितळात गेलो. लछूची खाट रिकामी होती. गादी गुंडाळून ठेवलेली. दुपारी मला सगळं समजलं होतं, तरी माझ्या आत कुणीतरी म्हणालं, सुटलो. मग मी दाराची चौकट धरली.

ईश्वरीबाई कुसुमच्या खाटेपाशी जमिनीवर बसली होती. लछूची गादी ओली झाली म्हणून काढलेली, दुसरी मिळेपर्यंत तो चादरीत गुंडाळून तिच्या मांडीवर. तिचा एक हात त्याच्या छातीवर, दुसरा कुसुमच्या. मला बघून हळूच म्हणाली, "दोनों का पसीना छूटा है, अदा. आवाज मत करो."

दोघांचा ताप उतरला. कुसुम आता चौथीत आहे. लछू अशक्तच राहिला, गारठ्यात त्याची छाती धरते. पुढच्याच वर्षी मी अंबरनाथची खोली सोडून कॅम्पात, त्यांच्या बराकीला लागून खोली घेतली. हिला सांगितलं, इथं पाण्याचं बरं आहे. मधे फक्त पत्र्याचा पडदा आहे.

आण्णांनी परत यायला लिहिलंय, वाट्याची जमीन पडून आहे म्हणतात. मी नोकरीचं कारण कळवलं. खरं कारण हे, की पत्र्यापलीकडं लछू खोकला की माझ्या हातातलं काम थांबतं, आणि तो पुन्हा खेळायला लागला की सुरू होतं. गावी आलो की ओसरीवर तुम्ही सगळे असता, जेवणं चांगली होतात, आणि तो खोकला ऐकू येत नाही. तिसऱ्या दिवशी मी डाग बांधायला घेतो. तू विचारतेस, एवढी कसली घाई. आक्का, घरी जायची.