हळदकुंकू लावलेला पट्टा

दिराने अमरावतीहून कुत्र्यासाठी पट्टा आणला. नवी वस्तू म्हणून मी हळदकुंकू लावून तो त्याच्या गळ्यात बांधला. भुंकले की त्यातून विजेचा झटका बसतो, हे मला नंतर कळले.

आठ दिवसांत कुत्रा मुका झाला. दीर हसला, "पाहा वहिनी, कसा शहाना झाला."

एका दुपारी मी वांगी तोडत असताना कुत्रा माझ्यासमोर येऊन थरथरत उभा राहिला. तोंड उघडत होता, पण आवाज काढत नव्हता. "काहून असा करून राहिला रे?" म्हणत मी खाली पाहिले, तर हाताजवळ साप होता.

साप गेल्यावर मी पट्टा काढून विहिरीत टाकला. संध्याकाळी दिराने विचारले, "वहिनी, पट्टा कुठी हाय?"

"मले नाही माहीत, भाऊजी."

तेवढ्यात कुत्रा एकदाच भुंकला, आणि झटक्याच्या भीतीने मी आणि कुत्रा दोघेही दचकलो.